उत्तर उतारावरचा ठिपका

४ जानेवारी

काका, नमस्कार.

फोनवर माझं निम्मं बोलणं तुम्हाला ऐकू येत नाही आणि उरलेलं निम्मं तुम्ही ऐकून घेत नाही, म्हणून पत्र लिहिते आहे. अक्षर मुद्दाम मोठं काढलंय. मोतीबिंदूचं ऑपरेशन पुन्हा पुढे ढकललं असेल तर त्याबद्दल वेगळं भांडेन.

संग्रहालयातली माझी खोली अजून माझ्याकडेच आहे. संचालकांना तिथे उपाहारगृह काढायचंय. छताचा एक कोपरा गळतो, त्याखाली बादली ठेवली आहे. गेल्या दहा वर्षांत कोळी विभागाला मिळालेलं नवं साहित्य म्हणजे ती बादली. अशा खोलीत बसून मी बाबांचंच काम पुन्हा करते आहे. बिळाला झाकण लावून राहणाऱ्या कोळ्यांच्या कुळाची नव्याने मांडणी. बाबांच्या आणि तुमच्या ग्रंथात एक्केचाळीस जाती होत्या, माझ्या त्रेपन्न होतात. बाबा असते तर त्यांनी त्यातल्या निम्म्या खोडून मला परत पाठवलं असतं.

आता मुद्द्याचं. तुमच्या हातचा नकाशा माझ्या टेबलावर काचेखाली आहे. या कुळाचे सगळे ठिपके डोंगररांगेच्या दक्षिण उतारावर, ओल्या ओढ्यांच्या काठाने. आणि एकच ठिपका खिंडीपलीकडे, उत्तरेच्या कोरड्या उतारावर. बाबांच्या शेवटच्या फेरीतल्या नऊ कुप्यांचा. त्या एका ठिपक्यावरून तिथल्या कोळ्याला वेगळं उपकुळ दिलं गेलं, आणि डोंगर उभे राहिले त्याच्याही आधी हे कुळ दोन्ही बाजूंना होतं असं अडतीस वर्षं सगळे शिकवत आले. मीही शिकवलं.

तीन वर्षांत मी तीनदा उत्तर उतारावर जाऊन आले. गुडघे सोलवटून निघाले, बीळ एकही नाही. मग त्या नऊ कुप्यांतल्या एका मादीचा पाय जनुकांच्या तपासणीला दिला. जुनं स्पिरिट, तीनदा फसलं, चौथ्यांदा जमलं. ती मादी दक्षिणेची निघाली. नुसती दक्षिणेची नाही, गिरणीच्या गावावरचा जो ओढा आहे त्या ओढ्याचीच.

म्हणून विचारते, आणि विचारताना जीभ जड होते. बाबा गेले त्या दिवसांत तुमचं चित्त थाऱ्यावर नसणार. दोन फेऱ्यांच्या कुप्या एकत्र झाल्या असतील का? लेबल लिहिताना काही इकडचं तिकडे झालं असेल का? झालं असेल तर कुणी तुम्हाला बोल लावणार नाही. मी तर नाहीच.

तुमची
मुंगळी

.

१५ जानेवारी

मुंगळे, आशीर्वाद.

तुझं पत्र भिंग लावून वाचलं. अक्षर मोठं काढलंस म्हणतेस, पण ओळी वाकड्या. तुला लेबल लिहायला मी शिकवलं तेव्हा तू नऊ वर्षांची होतीस आणि ओळ सरळ यायची. आता मोठी शास्त्रज्ञ झालीस.

डोळ्यांचं विचारू नकोस. खालच्या मजल्यावर एक नर्सबाई राहतात, त्या रोज जाता-येता तेच विचारतात. दोघी ठरवून माझ्या मागे लागल्यासारख्या वाटता. ज्या डोळ्यांनी आयुष्यभर नकाशाच्या कचेरीत दोऱ्याएवढ्या रेघा ओढल्या ते आता दमले, दमू देत.

लेबलांचं म्हणशील तर माझं लेबल चुकत नाही. दादाची आणि माझी कामं वाटलेली होती. कोळी शोधणं, कुपीत घालणं, कापसाचा बोळा दाबून बसवणं हे त्याचं. घरी आल्यावर त्याच्या वहीवरून शाईने लेबलं लिहिणं, नकाशा काढणं हे माझं. बारा वर्षांत आम्ही एकमेकांच्या कामात हात घातला नाही. त्या फेरीत आम्ही खिंडीपलीकडेच होतो. तुझ्या आईला सांगितलं तेच पुन्हा सांगतो. एकाएकी ताप चढला, डॉक्टर दोन दिवसांच्या वाटेवर, दुसऱ्या दिवशी दुपारी तो गेला. डोकं माझ्या मांडीवर होतं. यापेक्षा जास्त सांगण्यासारखं काही नाही.

तुला बिळं मिळाली नाहीत याचं नवल काय? अडतीस वर्षांत उत्तरेला रस्ता झाला, मेंढ्या आल्या. मेले असतील बिचारे. यंत्राने पाय तपासून एवढे निकाल लावू नयेत. राहू दे तो ठिपका. नकाशावर एक ठिपका जास्त असला म्हणून कुणाचं पोट दुखत नाही.

तू खोकत होतीस फोनवर. ती बादलीची खोली सोड.

काका

.

२८ जानेवारी

काका, नमस्कार.

खोकला गेला. बादली आहे.

माझं पोट दुखतं आहे, त्याला इलाज नाही. तुम्हीच मला मुंगळी नाव ठेवलंत, एकदा चावली की सोडत नाही म्हणून. मग आता सोड म्हणू नका.

बाकीच्या कोळ्यांची पिल्लं धागा सोडतात आणि वाऱ्यावर निघून जातात, कुठेही उतरतात. हे तसे नव्हेत. आईच्या बिळातून बाहेर पडायचं, हातभर चालायचं आणि तिथेच आपलं बीळ खणायचं. मादी तर जन्मभर त्या बिळातून हलत नाही. एका ओढ्याची जात शेजारच्या ओढ्यावर सापडत नाही म्हणून तर त्रेपन्न जाती झाल्या. तेव्हा गिरणीच्या ओढ्याची मादी खिंड ओलांडून पलीकडे राहायला गेली हे मला पटवून घेता येत नाही. रस्ता आणि मेंढ्या मान्य करूनही येत नाही.

तुमच्यावर संशय म्हणून लिहीत नाही हो. बाबा गेल्यावर तुम्ही आमच्या गल्लीत खोली घेतलीत, लग्न केलं नाहीत, मला हाताला धरून याच खोलीत घेऊन आलात आणि स्टुलावर उभं करून कुप्या दाखवल्यात. मी जे काही आहे ते त्या स्टुलामुळे. आईला जाऊन येत्या मार्चमध्ये दोन वर्षं होतील. शेवटी शेवटी ती माणसं ओळखत नव्हती, पण "भावजी जवळ होते, एवढं बरं झालं" हे वाक्य तिच्या तोंडून सुटलं नाही. अशा माणसाला मी लेबलाचा जाब विचारते आहे, मला काय आनंद होतो का?

पुढच्या आठवड्यात त्या नऊ कुप्यांचं स्पिरिट बदलणार आहे. कापूस पिवळा पडला आहे. त्या निमित्ताने सगळे कोळी पुन्हा नीट बघेन. तुम्ही फक्त एवढं आठवून सांगा, त्याच महिन्यात तुम्ही दक्षिणेलाही गेला होतात का?

मुंगळी

.

१२ फेब्रुवारी

मुंगळे,

दक्षिणेला गेलो होतो का हे आठवत नाही. पंचाहत्तरीत काल काय खाल्लं ते आठवत नाही.

एक मागतो. आजवर तुझ्याकडे काही मागितलं नाही. तो ठिपका माझ्या डोळ्यांदेखत हलवू नकोस. मी मेल्यावर काय हवं ते कर, रबराने पूस, सुईने टोच. फार वर्षं नाहीत. नकाशा माझ्या हातचा आहे, एवढा तरी हक्क असावा. त्या कोळ्यांना घाई नाही, मग तुला कसली आहे?

स्पिरिट बदलायचं तर बदल, उगाच कुप्या उपसत बसू नकोस.

काका

.

२० फेब्रुवारी

काका,

घाई मला नाही, खाणवाल्यांना आहे. गिरणीच्या ओढ्यावर दगडाची खाण यायची आहे. त्यांच्या अर्जात लिहिलंय की हे कुळ उत्तर उतारावरही सुखाने नांदतं, त्यामुळे इथला ओढा गेला तरी काही बिघडत नाही. पुरावा म्हणून तुमचा नकाशा जोडला आहे. तुमच्या एका ठिपक्याच्या जोरावर तिथे सुरुंग लागतील. सुनावणी जुलैत आहे.

हे मी शांतपणे लिहिणार होते. पण आज सकाळी पहिली कुपी उघडली.

बोळा चिमट्याने ओढला तर तो जड लागला. सोडवून पाहिला. आत विडीसारखी गुंडाळलेली चिठ्ठी होती, पेन्सिलीची. पेन्सिल स्पिरिटमध्ये उतरत नाही, अक्षर आहे तसं आहे. बाबांचं अक्षर. मी त्यांच्या आधीच्या फेऱ्यांच्याही चार कुप्या काढून पाहिल्या. प्रत्येक बोळ्यात चिठ्ठी. त्यांची ही सवय तुम्हाला माहीत नव्हती, कारण बोळा त्यांचं काम होतं आणि तुम्ही दुसऱ्याच्या कामात हात घालत नव्हता.

चिठ्ठी अशी आहे: "दक्षिण उतार. गिरणीच्या वाटेवर तिसरं वळण, ओढ्याचा डावा काठ. खोपीपासून पन्नास पावलं. मादी, पिल्लांसह. १३ ऑक्टोबर."

बाबा गेले ती तारीख तुम्ही घरी अठरा सांगितलीत. त्याच्या पाच दिवस आधी ते खिंडीपलीकडे नव्हतेच. ते गिरणीच्या गावापासून चार तासांवर होते, आणि गिरणीच्या गावात तेव्हाही दवाखाना होता. मी ते तपासून घेतलं.

म्हणजे लेबल चुकलं नाही. लेबल लिहिलं गेलं. आणखी आठ कुप्या आहेत, मी त्यांना हात लावलेला नाही. आधी तुम्ही सांगा.

.

११ मार्च

काका,

वीस दिवस झाले. नर्सबाईंना फोन केला. तुम्ही बरे आहात, जेवता आणि खिडकीत बसता असं त्या म्हणाल्या. मग लिहा. नाही लिहिलंत तर मी स्वतः येईन, आणि तुम्हाला यंत्र कानात घालून ऐकावं लागेल.

आज आईचा दिवस आहे. सकाळपासून तिचंच ते वाक्य डोक्यात आहे.

.

२ एप्रिल

मुंगळे,

येऊ नकोस. समोरासमोर मला बोलता येणार नाही. लिहितो, म्हणजे मध्ये तुझं तोंड दिसणार नाही.

आम्ही दक्षिणेलाच होतो. लाकूडतोड्यांची एक रिकामी खोपी होती, तिथे अकरा तारखेपासून. तेराला संध्याकाळी दादाचं अंग तापलं. चौदाला सकाळी मी म्हटलं, खाली चल, डॉक्टरला दाखवू. तो म्हणाला, नर मिळाल्याशिवाय हलणार नाही. माद्या चार मिळाल्या होत्या, नर एकही नाही, आणि नराच्या पुढच्या छोट्या पायांचं टोक पाहिल्याशिवाय कुळाची मांडणी करता येत नाही हे तुला मी सांगायला नको. त्या हंगामात नर बीळ सोडून हिंडतात. दोन-चार दिवस थांबलो की मिळेल, असं त्याचं चाललं होतं.

इथपर्यंत भांडण तापावरूनच होतं. मग माझ्या तोंडून भलतंच निघालं. बारा वर्षं तुझे ठिपके काढतो, तुझी लेबलं लिहितो, ग्रंथावर माझं नाव कुठे आहे? तो पडल्या पडल्या म्हणाला, "ठिपके काढणाऱ्याचं नाव आभारात असतं, धाकट्या." त्याच्या अंगात ताप होता, हे मला दिसत होतं. तरी मला ते लागलं. मी पिशवी उचलली. तुझा तू ये, म्हटलं आणि उतरलो.

गिरणीच्या गावात एका खाणावळीच्या माडीवर खोली घेतली. खिडकीतून डोंगरातली वाट दिसायची. तो ताप उतरला की मुकाट्याने येईल, आणि आला की मी बोलायचं नाही, असं ठरवून बसलो. पहिला दिवस न बोलायच्या तयारीतच गेला. दुसऱ्या दिवशी रागाला थोडा उतार पडला. तिसऱ्या दिवशी काळजी वाटायला लागली. एकदा जोडेही घातले. पण आधी कोण नमतं घेणार, असं होऊन बसलं होतं, आणि जन्मभर मीच घेत आलो होतो. जोडे काढून ठेवले. चौथ्या दिवशी पाऊस नव्हता, काही नव्हतं, तरी गेलो नाही. अठराला सकाळी गेलो.

दार लोटलेलं होतं. दादा भिंतीला टेकून बसला होता. पुढ्यात नऊ कुप्या ओळीने मांडलेल्या, बोळे घातलेल्या. शेवटच्या कुपीत नर होता. दादाचं अंग गार होतं.

गिरणीच्या माणसांनी त्याला खाली आणलं. वाटेत माझं एकच चाललं होतं, वहिनीला काय सांगू. चार तासांवर दवाखाना होता आणि मी खिडकीत रुसून बसलो होतो, हे सांगू? घरी पोचेपर्यंत खिंडीपलीकडची गोष्ट तयार झाली होती. त्या गावात घरचं कुणी पुन्हा कधी गेलं नाही, विचारणार कोण. वहीची पानं जाळली आणि नऊ लेबलं उत्तर उताराची लिहिली. आयुष्यात तेवढीच खोटी. ओळ मात्र सरळ आली. पुढे ग्रंथ पुरा केला, तेव्हा संग्रहालयाने माझं नाव दादाच्या शेजारी छापलं. मी नको म्हटलं नाही.

ठिपका हलव. ओढ्याचं मला माहीत नव्हतं. माहीत असतं तर कदाचित आधी सांगितलं असतं, पण हेही आता म्हणायला सोपं.

आता एकच विचारतो. तो कधी गेला हे मला माहीत नाही. दवाखान्यातला डॉक्टर सांगायला लागला तसा मी उठून बाहेर आलो. अडतीस वर्षं मी तेवढाच हिशेब करतो. तो चौदाच्या रात्रीच गेला असेल तर दुसऱ्या दिवशी परत वळलो असतो तरी हाती काही लागलं नसतं. सतराला गेला असेल तर तो चार दिवस जिवंत होता आणि मी जोडे घालून काढत होतो. मी उतरलो तेव्हा चार कुप्या भरलेल्या होत्या. पाच नंतरच्या. त्यांच्या बोळ्यांत चिठ्ठ्या असतील, चिठ्ठ्यांवर तारखा असतील. उघड आणि मला सांग. गोड करून सांगू नकोस. दुसऱ्या कुणाला विचारलं असतं तर त्याने माझं वय पाहिलं असतं. तू लेबलावर असेल तेच सांगतेस, म्हणून तुला विचारतो.

काका

.

३ मे

काका,

तुमचं पत्र मी पहिले आठ दिवस खणात ठेवलं आणि खणाला कुलूप लावलं. मला तुमचा भयंकर राग आला. अजून आहे. बाबा एकटे होते या गोष्टीचा आहेच, पण आईचा जास्त आहे. तुमच्या मांडीवरचं डोकं मनात धरून ती गेली. एकदा वाटतं, तुम्ही तिला फसवलंत. एकदा वाटतं, बरं केलंत. दोन्ही वाटणं थांबत नाही, आणि तुम्हाला माफ केलं असं मी लिहिणार नाही, कारण केलेलं नाही.

पाच कुप्या उघडल्या. पाचही बोळ्यांत चिठ्ठ्या आहेत. पाचही १४ ऑक्टोबरच्या. तुम्ही उतरलात त्याच दिवशीच्या. रागावल्यावर बाबा दुपटीने काम करायचे असं आईच सांगायची, तसंच झालेलं दिसतं. नर त्याच दिवशी मिळाला. शेवटच्या चिठ्ठीवर "१४ ऑक्टोबर, संध्याकाळ" एवढं आहे. त्यानंतर काही नाही. कुप्या अजून रिकाम्या होत्या, पेन्सिल होती, बिळं पन्नास पावलांवर होती. बाबा दुसऱ्या दिवशी असते तर त्यांनी काम केलं असतं. तेव्हा ते त्या रात्रीच गेले असं धरायला हरकत नाही. पंधराला सकाळी तुम्ही परत वळला असतात तरी उशीर झालेलाच होता.

जे लेबलावर आहे ते सांगितलं.

ठिपका हलवला आहे. नवा नकाशा मी स्वतः काढला, ओळी वाकड्याच आहेत. उत्तरेचं उपकुळ मोडीत निघालं. हे कुळ डोंगरांपेक्षा जुनं नाही, डोंगर झाल्यावर दक्षिणेच्या ओलीत वाढलेलं आहे, एवढंच आता म्हणता येईल. सुनावणीत हेच मांडणार.

ऑपरेशन करून घ्या.

मुंगळी

.

१९ मे

मुंगळे, आशीर्वाद.

पत्र मिळालं. भिंगाने वाचलं, मग माझ्या डोळ्यांवर भरवसा नाही म्हणून नर्सबाईंना बोलावून तेवढी एक ओळ वाचायला लावली. त्यांनीही चौदाच वाचलं. पुन्हा वाचा म्हटलं, पुन्हा चौदा. त्यांना वाटलं म्हाताऱ्याचं डोकं फिरलं.

म्हणजे माझ्या हातात काही नव्हतं. हे वाक्य मी मोठ्याने म्हणून पाहिलं. सोडून गेलो ते गेलोच, त्याची सुटका नाही, आणि तू माफ करू नकोस, बरोबर आहे तुझं. पण खिडकीतले ते चार दिवस गेले. ते दिवस रिकामे होते, त्यात कुणी माझी वाट बघत नव्हतं. एवढ्यावर मला जेवण गेलं. दुपारी झोपलो तो दिवे लागेपर्यंत.

ग्रंथाची नवी आवृत्ती काढाल तेव्हा माझं नाव काढून टाक. आभारातही नको.

ऑपरेशनची तारीख घेतली, बारा जून. डोळा आला की तुझा नकाशा बघेन आणि चुका काढेन, तयारीत राहा.

काका

.

२१ जून

माझ्यानंतर नऊ कुप्यांची ही बरणी उघडणाऱ्यास,

आपण एकमेकांना ओळखत नाही. तुम्ही कदाचित स्पिरिट बदलायला आला असाल, किंवा या कुळाची तिसऱ्यांदा मांडणी करायला. हे पेन्सिलीने लिहिते आहे, म्हणजे टिकेल.

या नऊ कुप्यांवरची शाईची लेबलं खोटी आहेत. ती बदलली नाहीत, तशीच ठेवून शेजारी खरी जागा लिहिली आहे. जागा माझ्या शोधनिबंधात आणि नकाशात बरोबर छापली आहे, तिच्याबद्दल शंका घेऊ नका.

तारखा मात्र मी छापलेल्या नाहीत. निबंधात फक्त "ऑक्टोबर" आहे. कोळ्यांच्या मांडणीला तेवढं पुरतं. खऱ्या तारखा बोळ्यांतल्या चिठ्ठ्यांवर आहेत. पहिल्या चार कुप्या बारा आणि तेरा ऑक्टोबरच्या. पाचवी पंधराची, सहावी पंधराची, सातवी आणि आठवी सोळाची, नववी सतराची. चौदा तारखेची एकही चिठ्ठी नाही. मी एका माणसाला सगळ्या चौदाच्या आहेत असं कळवलं. तो माणूस लेबलं लिहायचा आणि त्यानेच मला लेबल लिहायला शिकवलं. गेल्या आठवड्यात त्याचा एक डोळा उघडला. तो हयात आहे तोवर या बरणीबद्दल कुणाला काही सांगू नका. नंतर नोंदवहीत तारखा भरा. मला त्या भरता आल्या नाहीत.

नववी कुपी उघडताना जपा, नर आहे आणि पाय ठिसूळ झाले आहेत. त्या बोळ्यातली चिठ्ठी अशी आहे:

"१७ ऑक्टोबर. नर मिळाला. चालत खोपीच्या उंबऱ्यात आला. ग्रंथावर दोघांची नावं घालायची. धाकटा वर आला की आधी त्याला दाखवायचा."

अक्षर हललेलं आहे, पण वाचता येतं.